रिकामटेकड्यांची पुस्तकं

दिवाळीच्या आधी घराला रंग काढला तेव्हा पुस्तकांची कपाटं रिकामी करून सगळा ढीग हॉलच्या मधोमध रचला होता, वर जुनी चादर. रंगाचा वास, पुट्टीची पांढरी भुकटी चपलांबरोबर घरभर, आणि त्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या, एकेक पुस्तक फडक्याने पुसत. आयुष्यभर शाळेत शिकवलंय, त्यामुळे पुस्तक हातात आलं की आधी उघडून बघणार, दुमडलेला कोपरा सरळ करणार, मग शेरा मारणार, आणि मग कुठे पुसणार. तर त्यांच्या हातात हेन्री पेट्रोस्कीचं पेन्सिलवरचं जाडजूड पुस्तक आलं. इंग्रजी त्या व्यवस्थित वाचतात. मागची बाजू वाचली, पुढची वाचली, पानं फर्रकन सोडून बघितली आणि मला हाक मारली. "अगं, हे अख्खं पेन्सिलीवर आहे?" म्हटलं, हो आई. "चारशे पानं?" हो. "कोण गं हा रिकामटेकडा?"

मी हसले, रंगारी पण हसला. पण नंतर रात्री त्या ढिगाच्या कडेला गादी टाकून झोपलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की रिकामटेकड्यांचा एक पूर्ण कप्पाच आहे माझ्याकडे. मिठाचा इतिहास. कॉड नावाच्या माशाचा इतिहास. मेल्यावर माणसाच्या शरीराचं काय काय होतं. क्रोशाने विणलेली भूमिती. यातलं काहीच मी कधी कोणाला 'वाच' म्हणून दिलेलं नाही, कारण देताना काय सांगायचं हेच कळत नाही. कादंबरी देताना 'खूप रडवते' म्हणता येतं. पेन्सिलीबद्दल काय म्हणणार?

बरं, पेट्रोस्की रिकामटेकडा मुळीच नव्हता. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्रोफेसर, पूल का पडतात वगैरेवर लिहिणारा माणूस. तो सुरुवात करतो थोरोपासून. हा थोरो म्हणजे अमेरिकन लेखक, आपल्याला दुर्गाबाई भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार'मुळे माहीत असलेला, तळ्याकाठी झोपडी बांधून राहणारा. तो अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात जाताना काय काय न्यायचं याची बारीक यादी करतो, तंबूपासून काडेपेटीपर्यंत, आणि त्यात पेन्सिल नाही. आता गंमत अशी की थोरोच्या वडिलांचा पेन्सिलींचाच कारखाना होता आणि थोरोने स्वतः तिथे काम करून ग्रॅफाइटची पूड जास्त बारीक कशी मिळेल, त्यात माती कशी मिसळायची हे सुधारून अमेरिकेतली चांगल्यातली चांगली पेन्सिल बनवली होती. म्हणजे रोज खिशात असलेली, पोट भरणारी, स्वतःच्या हाताने केलेली वस्तू यादीत लिहायचं त्याला सुचलंच नाही, आणि यादी लिहिली असणार बहुतेक तिनेच. इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते. मग पुढे इंग्लंडमधली बॉरोडेलची खाण, सोळाव्या शतकात तिथे इतकं शुद्ध ग्रॅफाइट सापडलं की नुसतं करवतीने कापून वापरता यायचं, तोफगोळ्यांच्या साच्यांना पण ते लागायचं म्हणून खाणीवर पहारे आणि चोरट्यांचा धंदा जोरात. मग युद्धामुळे फ्रान्सला ग्रॅफाइट मिळणं बंद झालं आणि १७९५ मध्ये काँते नावाच्या माणसाने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड आणि माती मळून, भट्टीत भाजून शिसं केलं. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ आणि काळी. चित्रकलेच्या परीक्षेला आपण टूबी आणि फोरबीसाठी जीव टाकायचो ना, ते हे. शिवाय सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अमेरिकेत पेन्सिलीचं सीडर लाकूड संपत आलं तेव्हा कारखानदार खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची जुनी सीडरची कुंपणं विकत घ्यायला लागले, कारण वर्षानुवर्षं उन्हापावसात मुरलेलं ते लाकूड आयतंच मिळत होतं. आपल्याकडे नटराज-अप्सराच्या पेन्सिलींचं लाकूड काश्मीरमधून, पुलवामाजवळच्या उखू गावातून पॉपलरच्या पट्ट्या होऊन येतं, हे मला हे पुस्तक वाचल्यावर शोधावंसं वाटलं म्हणून कळलं. आधी वाटलं नसतं.

अशा पुस्तकांना 'हटके' म्हणायची पद्धत आहे, आणि हल्ली दुकानात त्यांचा वेगळा रॅकच असतो. 'तुम्हाला माहीत नसलेल्या हजार गोष्टी', 'विचित्र विश्व', वर पिवळं कव्हर आणि डोळे वटारलेलं कार्टून. माझं मत असं की ही पुस्तकं दोन जातींची. एक मुद्दाम विचित्र, आणि दुसरी अशी की ज्यांना आपण विचित्र आहोत याचा पत्ताच नाही. पहिल्या जातीची मी ट्रेनमध्ये वाचते आणि सीटवर विसरले तरी वाईट वाटत नाही. दुसऱ्या जातीसाठी मी भांडीन.

या दुसऱ्या जातीला चक्क एक बक्षीस आहे. इंग्लंडमधलं 'द बुकसेलर' हे नियतकालिक वर्षातल्या सर्वात विचित्र नावाच्या पुस्तकाला डायग्राम प्राइझ देतं. १९७८ साली फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात कंटाळलेल्या प्रकाशकांनी टाइमपास म्हणून सुरू केलेलं. पहिलं बक्षीस मिळालं नग्न उंदरांवरच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेच्या कामकाजाला. नग्न उंदीर म्हणजे अंगावर केस नसलेली, रोगप्रतिकारशक्ती अर्धवट असलेली प्रयोगशाळेतली जात, कॅन्सरच्या संशोधनात कामाला येते. त्या शास्त्रज्ञांना बिचाऱ्यांना यात हसण्यासारखं काय आहे हेच कळलं नसेल. १९९२ ला जिंकलं 'अजस्र जहाजं कशी टाळावीत' अशा अर्थाचं एक पुस्तक. इंटरनेटवर लोक त्यावर अजून विनोद करतात, की वाचायला घेतलं आणि तेवढ्यात जहाज आलं वगैरे. पण लिहिणारा कॅप्टन ट्रिमर स्वतः दर्यावर्दी, आणि पुस्तक छोट्या होड्यावाल्यांसाठी आहे. मालवाहू जहाजाला थांबायला मैलोगणती अंतर लागतं, त्याच्या नाकासमोरची होडी वरच्या माणसाला दिसत नाही, तेव्हा बाजूला तुम्ही व्हायचं. मला यात विनोदी काही वाटेना. रत्नागिरी, हर्णे, ससून डॉकला कुठल्याही नाखव्याला हे पुस्तक वाचून दाखवा, तो हसणार नाही, तो म्हणेल यात जाळ्यांचं का नाही लिहिलं.

आणि २००८ च्या विजेत्याचं नाव तर वाचतानाच दम लागतो, एका प्रकारच्या मऊ चीजच्या साठ मिलिग्रॅमच्या डब्यांना येत्या सहा वर्षांत जगभरात किती मागणी असेल याचा अंदाज. साठ मिलिग्रॅम! म्हणजे चिमूटभर पण नाही. ते पुस्तक कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमने लिहिलेलं होतं, त्या लेखकाच्या नावावर अशी दोन लाखांहून जास्त पुस्तकं आहेत. इथे मात्र मला सासूबाईंचा शब्द उलटा करावासा वाटतो. रिकामटेकडा माणूस सुद्धा नाही यात कुठे. कोणी एक दुपार पण घालवलेली नाही त्या डब्यांवर.

याच्या अगदी पुढच्याच वर्षी, २००९ ला, दायना ताइमिना या लॅटव्हियाच्या गणितीबाईंच्या पुस्तकाला ते बक्षीस मिळालं. क्रोशाचं. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत सुटते. हायपरबोलिक भूमिती म्हणून एक प्रकार असतो, त्यात सरळ रेषेबाहेरच्या एका बिंदूतून तिला न छेदणाऱ्या कितीही रेषा काढता येतात. दीडशे-पावणेदोनशे वर्षं लोक समीकरणं मांडत होते पण असा पृष्ठभाग हातात धरता येईना, कागदाच्या पट्ट्या चिकटवून करायचे ते हाताळून फाटायचे. १९९७ मध्ये या बाईंनी कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी सुई आणि लोकर घेतली. नियम एकच, ठरावीक टाके झाले की एक टाका वाढवायचा, आणि प्रत्येक ओळीत हेच, न चुकता. आता ज्यांनी लहानपणी तांब्यावर झाकायचा क्रोशाचा रुमाल विणायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल काय होतं ते. टाके कमी वाढवले तर रुमालाची टोपी होते, बरोबर वाढवले तर सपाट बसतो, आणि जास्त वाढवले तर कडेला झालर यायला लागते, लाटा उठतात, टेबलावर बसतच नाही. माझी मावशी ते बघून सरळ उसवून टाकायची आणि वर एक धपाटा. तीच झालर म्हणजे हायपरबोलिक पृष्ठभाग! कोबीच्या पानाच्या कडा, समुद्रातली प्रवाळं, सगळं तेच. आणि विचित्र नावाचं म्हणून ज्याला हसले त्याच पुस्तकाला २०१२ साली अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या संस्थेने ऑयलर पुरस्कार दिला. मावशी आता नाही, नाहीतर तिला हे सांगायला मी मुद्दाम सांगलीला गेले असते.

मराठीत अशी पुस्तकं नाहीत असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. आहेत, पण त्यांना आपण 'संदर्भग्रंथ' म्हणून एवढा मोठा नमस्कार करतो की कोणी वाचायला उघडतच नाही. १८८५ सालचे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियरचे खंड घ्या, इंग्रज सरकारचे कागद, पण त्यात कुठल्या जातीच्या घरात किती किमतीची भांडीकुंडी असतात, बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी काय करतात, असलं सगळं खरडून ठेवलंय. किंवा आपले गोडसे भटजी. पेण-अलिबागकडच्या वरसईचा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल म्हणून काकांबरोबर चालत निघाला आणि थेट १८५७ च्या बंडात जाऊन पडला. झाशी पडली तेव्हा हा माणूस झाशीत. आणि तरी 'माझा प्रवास'मध्ये दक्षिणेचा हिशेब, कुठे जेवण कसं होतं, कुठे लुटले गेलो आणि गंगेची कावड घरी कशी आणली हे सगळं त्याच सुरात. काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली झाशीची राणी विहिरीशी भेटते, हे पाणी शेंदून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी नका शेंदू, आणि स्वतः शेंदते. इतिहास लिहितोय असा आव नाही म्हणून तर ते खरं वाटतं. सरकारच्या भीतीने पुस्तक छापलं गेलं ते भटजी गेल्यावर, १९०७ मध्ये, तेही चिंतामणराव वैद्यांनी काटछाट करून. मूळ बाड जसंच्या तसं यायला १९६६ उजाडलं.

पण माझ्या त्या कप्प्यातलं सासूबाईंनी स्वतःहून काढून घेतलेलं पुस्तक म्हणजे 'गावगाडा'. त्रिंबक नारायण आत्रे, १९१५. रंगाचं काम लांबलं (लांबणारच) आणि त्या खुर्चीत बसून, चष्मा नाकावर, त्या रोज थोडं थोडं वाचत होत्या. आत्रे महसूल खात्यातले, गावोगाव फिरून बघितलेलं. कुणब्याच्या पिकावर कोण कोण जगतं याचा त्यांनी मांडलेला हिशेब म्हणजे एक अफाट प्रकार आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी हे बलुतेदार, त्यांची कामं, त्यांचे हक्क. मग फिरस्ते. गोसावी, बैरागी, नंदीबैलवाले, डोंबारी, वैदू, गारुडी, कोण काय सोंग घेऊन येतो, कशी पिरपीर करतो, किती घेऊन जातो. एखादा चिडलेला कारकून बारीक नजरेने लिहीत सुटावा तसं. वाचताना हसू येतं, आणि मग मध्येच गिळताना अडकतं. कारण आत्र्यांना या सगळ्या लोकांचा मनापासून राग आहे. हे फुकट खाणारे, गाड्यात बसलेले, आणि ओढणारा बिचारा कुणबी. गावोगाव भटकणाऱ्या माणसाला दुसरं करण्यासारखं काय शिल्लक होतं हा प्रश्न त्यांना फार वेळा पडत नाही. त्यांनीच आधी 'गुन्हेगार जाती' नावाचं पुस्तक लिहिलेलं होतं, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळातलं. म्हणजे निरीक्षण अव्वल, आणि निरीक्षण करणारा माणूस मात्र जिथे खुर्ची टाकून बसलाय तिथूनच बघतोय.

सासूबाई वाचता वाचता बोलत होत्या. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. खळ्यावर ज्वारीची रास, कोंडा उडून गळ्यात, मानेला खाज, आणि कडेला आपापली पोती-फडकी घेऊन थांबलेले लोक. वडील पायलीने मापून घालायचे. सुताराला जास्त, कारण औतं त्याच्या हातात. न्हाव्याचं आणि वडिलांचं दरवर्षी त्यावरून तोंड वाजायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच दाढी करायला हजर. हे सगळं त्या रंगून सांगत होत्या. मग म्हणाल्या, "म्हारवाड्यातली माणसं लांब उभी असायची. त्यांच्या फडक्यात वरून टाकायचे. खाली सांडलेलं पोरं वेचायची." थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. रंगारी वर शिडीवर सिलिंग घासत होता, त्याची खरखर तेवढी.

मी त्यांना दया पवारांचं 'बलुतं' काढून देणार होते, तर म्हणाल्या वाचलंय गं, १९७८-७९ लाच, आमच्या शाळेच्या लायब्ररीत आलं तेव्हा स्टाफरूममध्ये कुजबूज होती, बाया कव्हर घालून घरी न्यायच्या. तेव्हा वाचून रडू आलं होतं म्हणाल्या, पण आमच्या खळ्याशी त्याचा काही संबंध आहे असं डोक्यातच आलं नव्हतं. ही दोन पुस्तकं कोणी शेजारी ठेवत नाही. एक समाजशास्त्रात, एक आत्मचरित्रात. मी आता माझ्या कपाटात चिकटून ठेवली आहेत, बघू.

आता त्या मेलेल्या माणसांच्या पुस्तकाबद्दल. मेरी रोच नावाच्या अमेरिकन बाईंचं 'स्टिफ', २००३ सालचं. देहदान केलेल्या शरीरांचं पुढे काय काय होतं, एवढाच विषय. टेनेसी विद्यापीठात एका आवारात शरीरं उघड्यावर ठेवून कुजताना काय बदल होतात ते बघतात, म्हणजे पोलिसांना मृत्यूची वेळ सांगता येते. गाड्यांच्या अपघातात छाती किती दाब सहन करते हे आधी मृत शरीरांवर मोजलं गेलं, मग त्यावरून अपघाताच्या चाचणीत बसवायचे पुतळे बनले, आपल्या गाडीतलं स्टिअरिंग त्यामुळे दबतं. रोच खूप विनोद करते. अगदी खूप. प्लास्टिक सर्जन सराव करतायत आणि समोर ट्रेमध्ये मांडलेली डोकी, तिथे पण. पहिल्यांदा वाचताना मला ते जमलंच नाही, कारण आमच्या बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, देहदान झालं होतं. त्यांनी कधीच फॉर्म भरून फ्रिजवर लावून ठेवला होता, विजेच्या बिलाशेजारी. ते गेले त्या रात्री आधी डोळे घेऊन गेले, मग सकाळी गाडी आली, सह्या झाल्या, आणि दुपारपर्यंत घरात करायला काहीच उरलं नव्हतं. ना स्मशान, ना अस्थी, ना राख सावडायची. लोक यायचे आणि काय विचारावं हे त्यांना कळायचं नाही. नवरा त्या पुस्तकाला आजही हात लावत नाही. मला मात्र दुसऱ्यांदा वाचताना तिचे विनोद बरे वाटले. रात्रभर जागं राहावं लागणाऱ्या घरात कोणीतरी एक काकू असते ना चहा करत बडबडणारी, तशी ती बाई वाटायला लागली.

ढिगातून तेही पुस्तक निघालं. लपवावं की काय असं मला झालं, पण तोवर सासूबाईंनी मागची बाजू वाचली होती. "यात आहे का, काय करतात ते?" म्हटलं, आहे. "सांग." मी सांगितलं, सगळं नाही, निवडून. डोकी नाही सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेडिकल कॉलेजात मुलं वर्ष संपल्यावर त्या शरीरांसाठी छोटी सभा घेतात, गाणी म्हणतात, काहीबाही लिहून आणून वाचतात, हे सांगितलं. आपल्याकडेही आता बऱ्याच मेडिकल कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं आधी त्या देहासमोर शपथ घेतात, तेही सांगितलं. मला वाटलं त्यांच्या डोळ्यात पाणी येईल. त्या म्हणाल्या, "शपथ ठीक आहे गं, पण पहिल्या वर्षाची मुलं लक्ष देत नाहीत. मागच्या बाकावरची तर मुळीच नाहीत. बाबांवर निदान पुढच्या बाकावरची आली असतील तर बरं." आणि पुस्तक पुसून 'ठेवायची' गठ्ठ्यात ठेवलं.

तर मग मी त्यांनाच विचारलं, मराठीत असं अख्खं पुस्तक कशावर व्हायला हवं? मला वाटलं खडू म्हणतील, फळा म्हणतील. त्या ताडकन म्हणाल्या, कंदील. लहानपणी रोज संध्याकाळी काच पुसायचं काम त्यांच्याकडे होतं. राखेने घासायची, मग मऊ फडकं आत घालायचं, बोटं आत अडकायची, आणि काच तापलेली असताना पाण्याचा एक थेंब पडला तरी तडकायची, मग मार. घासलेटचा वास हाताला रात्रभर. कंदील प्रभाकर, कराडजवळच्या ओगलेवाडीचा. म्हटलं, हे तर खरंच कोणी लिहायला पाहिजे. एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहतो, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघतो, तिथून ओगल्यांच्या भट्ट्या, वाळू कुठून आणायचे, काच फुंकायला शिकवलं कोणी, जर्मन कंदिलासमोर टिकायला किंमत काय ठेवली, गावोगाव वीज आल्यावर त्या कामगारांनी काय केलं, आणि ती काच नेमकी कुठल्या ठिकाणी तडकायची. कराड-ओगलेवाडीकडे कोणाच्या माळ्यावर कारखान्याचे जुने कॅटलॉग, पगाराच्या वह्या, पावत्या असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. आणि कोणी रिकामं असेल तर मला कळवा, सासूबाई मुलाखत द्यायला तयार आहेत, फक्त दुपारी दोन ते चार सोडून.